दोन-आठच्या बांगडीत बसलेली रिंग

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे कुकरची रिंग बदलली. मंगळवारची दुपार होती. कुकर शिटी देईना, बाजूनेच वाफ सोडायला लागला. जुनी रिंग दोनदा फ्रीजरमध्ये ठेवून आवळून घेतली होती, तिसऱ्यांदा ऐकेना. पालघरच्या बाजारातून नवी आणली आणि झाकणात उलटी बसवली. बायको म्हणाली, "एवढी वर्षं पोलिसात काढलीत, एक रिंग नीट लावता येत नाय." मी म्हटलं, तूच लाव मग. तिने अंगठ्याने एका फेरीत बसवली. जुनी हातात धरून म्हणाली, "अहो, तुमची ती पंपाची केस एकदा लिहून काढा. तुमच्यामागं कोण सांगणार हाय?"

शनिवारी सकाळी तिच्या छातीत कळ आली आणि दवाखान्याच्या दारातच ती संपली. तिच्यामागं मी राहिलो, म्हणून लिहितो आहे.

माझं शिक्षण सातवी. शिपाई म्हणून भरती झालो, सहायक फौजदार म्हणून घरी आलो. मला लिहायची सवय ती पंचनाम्याची. नावं कुणाचीच घालत नाही. ज्यांची चौकात फळ्यावर लिहायला हवीत त्यांचीही घालता येत नाहीत, कारण त्यांच्याकडे वकील आहेत.

त्या दिवसासाठी मला आजही डायरी उघडावी लागत नाही. बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतलं आमचं ठाणं. हजेरी झाली होती, बंदोबस्ताचे पॉइंट वाटून झाले होते. अकराच्या सुमारास ठाणे अंमलदाराने फोन ठेवला आणि मला म्हणाला, "एका कंपनीत माणूस पडलाय. पडलाय म्हणतायत, पण आवाजावरून गेलेला वाटतोय."

पाऊण तासात मी तिथे होतो. शेडमध्ये अ‍ॅसिटोनचा वास भरलेला. बायका नखांचा रंग पुसायला वापरतात ना, तेच औषध; इथे टाक्याच्या टाक्या भरून असतं. पंपाच्या झाकणातून त्याची धार उडाली, समोरच्या ऑपरेटरच्या डोळ्यांत गेली, तो मागे सरला आणि फलाटावरून खाली काँक्रीटवर पडला. डोकं फुटलं. लग्न झालेला, तिशीतला माणूस, मनोरच्या पुढच्या डोंगरातल्या पाड्यावरचा. बाजूला उभा असलेला एक परप्रांतीय कामगार पुटपुटला, "साहब, रिंग बाहर आ गया था." मुकादमाने त्याच्याकडे बघितलं, तसा तो गप्प झाला.

पंचनाम्याला पंच पाहिजेत, आणि कंपनीची माणसं पंच म्हणून घेऊन काही उपयोग नसतो. ती मालकाच्या तोंडाकडे बघून सही करतात. मी गेटवर गेलो. एक चहावाला होता आणि झाडाखाली टोपली घेऊन एक कासारीण बसली होती. कंपनीत काम करणाऱ्या बायकांना जेवणाच्या सुट्टीत बांगड्या भरायची. म्हटलं, "मावशी, सहीपुरतं या." ती म्हणाली, "मेलेल्याकडं बघायला लावणार नसाल तर येते."

पंप उघडला. झाकणाच्या खोबणीतून काळी रबराची रिंग निम्मी बाहेर आलेली. मऊ, फुगलेली, एका जागी चावा घेतल्यासारखी, पण तुटलेली नाही. मापायला माझ्याकडे काही नव्हतं. कंपनीचा इंजिनियर म्हणाला, व्हर्नियर आणतो, तो गेला तो आलाच नाही. कासारीण वाकून बघत होती. म्हणाली, "दोन-आठ."

"काय दोन-आठ?"

"माप हो, हवालदार. बांगडीचं. रोज हात बघून माप सांगते मी. ही दोन-आठची हाय." तिने टोपलीतून दोन-आठची धातूची हिरवी बांगडी काढली. रिंग न ताणता तिच्यावर ठेवली. अंगासरशी बसली. मग मी स्टोअरमधून त्याच पंपाची नवी रिंग पाकिटासकट मागवली. ती तिने नुसती बोटांत फिरवली. "ही दोन-चार. बारीक हाताच्या पोरीची."

मी जसं झालं तसं लिहिलं. सदर रिंग दोन-आठ मापाच्या बांगडीबरोबर बसते, नवी रिंग दोन-चार मापाची आहे. बांगडीही मुद्देमालात घेतली, लाखेचं सील केलं. मावशी म्हणाली, "माझी बांगडी कधी मिळणार?" मी म्हटलं, कोर्टाला विचारा.

दुसऱ्या दिवशी कंपनीची फिर्याद आली. टाइप केलेली, स्वच्छ कागदावर. घटनेच्या दिवशी पहाटे पंप दुरुस्त करणाऱ्या फिटरने दारूच्या नशेत बोल्ट ढिले ठेवले, त्यामुळे सदर कंत्राटी कामगार मयत झाला. सदर कंत्राटी कामगार! तीन वर्षं त्यांच्या पंपाला जपणाऱ्या माणसाचं नावही लिहायला त्यांना जड झालं.

फिटर त्याच पाड्यावरचा. दोघं एकाच दिवशी बोईसरला कामाला आले होते, एका खोलीत राहायचे, भाकरी आलटून पालटून भाजायचे. आणि आता त्याच्यावर मित्राच्या मृत्यूचा गुन्हा नोंद. कंत्राटदाराने त्याच दिवशी गेटचा पास काढून घेतला. पाड्यावर बातमी माझ्याआधी पोचली. मयताची आई म्हणाली म्हणे, त्याला माझ्या कुंपणाच्या आत पाय ठेवू देऊ नका. तो मेहुण्याकडे राहायला गेला.

मी त्याचा जबाब घेतला. खुर्चीवर बसेना, उकिडवाच बसला.

"दारू प्यायला होतास?"

"नाय साहेब. त्याच दिवशी दुपारी तुमीच रक्त काढून नेलंय ना माझं?"

"बोल्ट?"

"समोरासमोर आवळले. एक इकडचा, एक तिकडचा. दोन फेऱ्या. दरवेळी तसाच करतो."

"मग?"

"रिंग आमची नव्हती. नेहमीची हातात घेतली की वेगळी लागते. मी स्टोअरवाल्याला बोललो, ही ती नाय. तो बोलला, पाकिटावर काय लिवलंय ते वाच. मला इंग्रजी वाचता येत नाय, तेला म्हाइत हाय. बोलला, शहाणपणा नको, लाव."

मी हे सगळं लिहून घेतलं, आणि खरं सांगायचं तर मला त्यातलं काही कळलं नाही. रबर ते रबर, काळं ते काळं, असंच माझं मत होतं. इथेच मी चुकलो. ती रिंग, नवी रिंग आणि बांगडी प्रयोगशाळेला पाठवताना पत्रात एवढंच विचारलं की, पंपातल्या रिंगचं माप काय आणि ती झिजली आहे का. तिथल्या लोकांनी विचारलं तेवढ्याचं चोख उत्तर दिलं. दीड महिन्याने अहवाल आला: एका जागी किरकोळ फाटलेली, बाकी ठीक. माप नव्या रिंगइतकंच. सोबतच्या बांगडीपेक्षा बरीच लहान.

म्हणजे माझा पंचनामा खोटा ठरला.

साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "पंचनामा लिहिलाय का चुडा भरलाय?" बाहेर सगळं ठाणं ऐकत होतं. "त्या बाईच्या बांगडीवर तू कोर्टात उभा राहणार? रिंग ताणली असेल तिने. रिंग ठीक आहे, म्हणजे बोल्टच ढिले होते. फिटरवर दोषारोपपत्र तयार कर, संपव." दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर कुणीतरी हिरवी बांगडी आणून ठेवली. ठेवणाऱ्याचं नाव मला ठाऊक आहे. तोही रिटायर झाला, भेटतो बाजारात, हसतो.

घरी जेवताना मी चिडचिड करत हे बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "बांगडी काचेची का धातूची?"

"धातूची."

"मग ती काय लहान-मोठी व्हायची नाय. झालं असंल तर रबरच आकसलं असंल. आपल्या कुकरची नाय का आवळत?"

मी म्हणालो, "तू तपास मला शिकवू नकोस." तेव्हा ती भात वाढत होती, हात थांबला नाही तिचा. पुढच्या आठवड्यात तिचं म्हणणं शब्दाला शब्द खरं निघालं. मी तिला तसं कधी नीट बोललो नाही. आता बोलायला माणूस नाही.

पुढच्या आठवड्यात एक माणूस ठाण्यात आला. मूळचा सफाळ्याचा, बोईसरला एका गाळ्यात रबराच्या रिंगा बनवायचा. हाताच्या रेषांत काळं बसलेलं. खिशातून माल दिल्याच्या चलनाची प्रत काढली आणि म्हणाला, "साहेब, पेपरात वाचलं फिटर दारू प्यायला होता. त्या कंपनीला मी रिंगा दिल्यात. मागितली नायट्राइल, दिली नायट्राइल. चलनावर तसंच लिहिलंय. मला वाटलं तेलाच्या पंपाला असतील. ती अ‍ॅसिटोनला लावली असेल तर फिटरने देव जरी बोलावला असता तरी ती राहिली नसती."

मी म्हटलं, मला लहान पोराला सांगतात तसं सांग.

त्याने सांगितलं. टेबलावर चार काळ्या रिंगा ठेवल्या, चारही सारख्या. पहिली नायट्राइल. तेल, डिझेल, ग्रीस यात वर्षानुवर्षं टिकते, स्वस्त पडते. पण अ‍ॅसिटोन तिच्या अंगात शिरतं आणि ती पाव चहात फुगावा तशी फुगते, मऊ होते, खोबणीत मावेना की बाहेर येते. दुसरी ईपीडीएम. अ‍ॅसिटोनमध्ये तिला काही होत नाही, वाफ, ऊन, पाऊस सोसते; पण हिलाच तेल लागलं की ती खराब. तिसरी सिलिकॉन. गरमीत, थंडीत चालते, पण नखाने फाटेल इतकी हळवी. चौथी फ्लोरो रबराची. सगळ्यांत महाग. तेल, पेट्रोल, बरीच अ‍ॅसिडं, मोठी उष्णता, सगळ्याला पुरते. "आणि लोकांना वाटतं महाग म्हणजे सगळीकडे चालते. साहेब, अ‍ॅसिटोनमध्ये तीसुद्धा फुगते. इथे ईपीडीएमच पाहिजे. माणसाला काम बघून नेमतो तसं आहे हे."

"आणि फुगलेली परत लहान होते?"

"अ‍ॅसिटोन उडून जातं ना. दोन-चार दिवस मोकळी ठेवा, परत जवळजवळ होती तेवढी. जरा कडक लागते, एवढंच. तुम्ही तर दीड महिना कागदात बांधून ठेवलीत. परत पाजा, परत फुगेल."

माझ्या डोक्यात माझंच प्रयोगशाळेचं पत्र फिरत होतं. रबर कोणतं, हा एक शब्द मी विचारला असता तर त्या फिटरचा दीड महिना वाचला असता.

मूळ रिंगला हात लावला नाही, तो मुद्देमाल होता. कंपनीच्या स्टोअरमधून त्याच पाकिटातल्या उरलेल्या रिंगा जप्त केल्या, त्यांच्याच टाकीतलं अ‍ॅसिटोन बरणीत घेतलं. चहावाला आणि कासारीण यांनाच परत बोलावलं. मावशी आल्या आल्या म्हणाली, "बांगडी द्यायला बोलावलंत ना?" मी म्हटलं, अजून नाही. "मग पोलिसांचा धंदा बरा हाय, घेतलेलं द्यायचंच नाय."

बरणी बाहेरच्या ओट्यावर ठेवली, कारण ते पेट घेतं. विडीवाल्यांना हाकललं. सकाळी दोन-चारची रिंग आत टाकली. जेवणानंतर चिमट्याने काढली. मावशीने दोन-आठची बांगडी आत घातली, ती सुळकन गेली. तिने दोन-दहाची काढली. तीही आत गेली. "अगं बाई," ती म्हणाली, "ही तर बाळंतिणीसारखी सुटली." तीच रिंग कागदावर उघडी ठेवून खोलीला कुलूप लावलं आणि चार दिवसांनी पंचांसमोर पुन्हा मापली. दोन-चारला थोडी मोठी, पण दोन-सहाही जाईना. साहेब स्वतः बघायला आले. केबिनमध्ये जाऊन म्हणाले, "स्टोअरवाल्याला बोलाव."

स्टोअरवाला इस्त्रीचा शर्ट घालून आला. मी त्याला चहा दिला. माझ्या नोकरीत मी बघितलं, मारलेला माणूस काहीही कबूल करतो आणि चहा दिलेला माणूस काय लपवायचं ते विसरतो. टेबलावर दोन रिंगा ठेवल्या.

"यातली नायट्राइल कुठली?"

त्याने उलटसुलट केल्या. "साहेब, दिसायला सारख्याच असतात."

"मग तू फिटरला देतोस कशी?"

"पाकिटावर लिहिलेलं असतं ते वाचून."

"पाकिटावर कोण लिहितं?"

कप खाली ठेवला त्याने.

मी स्टोअरमधून आणलेलं पाकीट पुढे सरकवलं. त्यावर पेनाने ईपीडीएम लिहिलेलं. त्याच्या शेजारी त्याच्याच हजेरीच्या वहीचं पान. अक्षर ओळखायला तज्ज्ञ लागत नव्हता. ई ला दोन्हीकडे सारखीच शेपटी.

तो रडला. खरेदीच्या साहेबाने सांगितलं होतं. ईपीडीएमची रिंग यायला आठवडा लागणार, पंप थांबवायचा नाही. माप तेच आहे ना, पाकिटं बदल. "साहेब बोलले, काळं ते काळंच. कोण बघतंय."

मीही तसंच म्हणत होतो, हे त्या क्षणी मला आठवलं. पण मी पोलीस होतो, सातवी शिकलेला. खरेदीचा साहेब रसायनाचा पदवीधर होता. त्याच्या भिंतीवर कोणतं रबर कशाला चालतं याचा रंगीत तक्ता लावलेला होता. झडतीच्या वेळी मी तो स्वतः काढून घेतला. अ‍ॅसिटोनच्या ओळीत नायट्राइलसमोर लाल फुली होती. ती फुली त्याला रोज दिसत होती. आणि माणूस मेल्यावर त्याने पहिलं काम काय केलं? फिटर दारू प्यायला होता असं टाइप करून घेतलं. रक्ताचा अहवाल आला, त्यात दारूचा थेंब नव्हता. मला विचारलंत तर रिंगेपेक्षा मोठा गुन्हा हा. रिंग बदलताना त्याला पंप चालू ठेवायचा होता. फिर्याद लिहिताना समोर जिवंत माणूस होता आणि तो इंग्रजी वाचू शकत नाही हे त्याला माहीत होतं.

चौकशीत तो मला म्हणाला, "जमादार, तुम्हाला या टेक्निकल गोष्टी समजणार नाहीत." मी त्याला कासारणीचा जबाब वाचून दाखवला. तिला समजल्या होत्या.

मूळ रिंग पुन्हा प्रयोगशाळेला गेली, या वेळी नीट प्रश्नासह. उत्तर आलं, नायट्राइल. खरेदीचा साहेब आणि कारखान्याचा जबाबदार अधिकारी यांच्यावर दोषारोपपत्र गेलं. त्यांचा खटला अजून चालूच आहे. तारखेला वकील येतो, कधी तब्येत बरी नसते, कधी कागद सापडत नाही. मी रिटायर झालो तरी तो चालू आहे. त्या साहेबाला दुसऱ्या कंपनीत जास्त मोठी खुर्ची मिळाली असं ऐकतो. माझा संताप वयाबरोबर कमी होईल असं लोक म्हणाले होते. झाला नाही.

या केसने मला एक शिकवलं, ते नव्या पोरांना सांगतो. तुम्ही जेवढं विचाराल तेवढंच उत्तर मिळतं, आणि चुकीचा प्रश्न विचारला की बरोबर उत्तरसुद्धा निरपराध माणसाला आत घालतं. फिटरने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, ही रिंग आमची नाही. स्टोअरने ऐकलं नाही, मी ऐकून लिहून घेतलं आणि विसरलो. त्याच्या बोटांना जे कळत होतं ते आम्हा सगळ्यांना कागदावर पाहिजे होतं.

फिटरच्या विरुद्ध पुरावा नाही, हा आमचा अहवाल कोर्टाने एका दुपारी मान्य केला आणि आरोपीतून त्याचं नाव काढलं. मी खुशीत घरी आलो. बायको म्हणाली, "त्याच्या पाड्यावर समजलं?" मी म्हटलं, कळेल, नक्कल टपालाने जाईल. "टपाल त्या म्हातारीला वाचून कोण दाखवणार? गुन्हा लावायला तुमी जीप घेऊन गेलात ना? आता काढला तो सांगायला उद्या सकाळी निघा."

सकाळी सातला मी फिटरला मेहुण्याच्या घरून मोटारसायकलवर मागे बसवलं आणि मनोरच्या पुढे डोंगरात गेलो. पाड्याच्या तोंडाशी तो उतरला आणि कुंपणाबाहेरच उभा राहिला, आत येईना. मयताची आई अंगणात नाचणी पाखडत होती. सून दारात. मला खाटेवर बसवलं. मी कोर्टाची नक्कल काढली आणि वाचली. एक ओळ कोर्टाच्या भाषेत, एक ओळ आमच्या.

म्हातारी सूप खाली ठेवून ऐकत होती. म्हणाली, "यात माझ्या पोराचं नाव हाय?"

"हाय आये."

"कुठं?"

मी तिचं बोट धरून त्या नावावर ठेवलं. ती बराच वेळ तिथेच बोट ठेवून बसली. मग म्हणाली, "आन् याचं?"

मी बोट दोन ओळी खाली नेलं. "इथं. लिहिलंय की याने तुझ्या पोराला मारलं नाही. याला रिंग चुकीची दिली, ती याला ओळखू आली होती, याचं कुणी ऐकलं नाही."

"माझ्या पोरानं तरी ऐकलं असतं," ती म्हणाली. मग कुंपणाकडे न बघताच मोठ्याने बोलली, "तिकडं उन्हात काय उभा हायस रे? मी काय आता तुला हात धरून आणू?"

तो आला. चप्पल कुंपणाजवळच काढली आणि अंगणाच्या मध्यावर येऊन थांबला, पुढे काय करायचं ते त्याला समजेना. सून पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली.

मी कागद घडी करून म्हातारीच्या सुपात ठेवला आणि खाटेवर सरकून त्याला जागा केली.